रुपया न टाकता

दांडा मी डावीकडे ओढला तेव्हा पडद्यावरचा पिवळ्या टोपीवाला डावीकडे वळला. उजवीकडे ढकलला तेव्हा तो पळत सुटला, समोरच्या दोघांना त्यानं दोन्ही पायांनी उडवलं आणि मला दरदरून घाम फुटला. मी पाचवीत होते. साल १९९५. दुपारचे अडीच वाजले असतील. व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये दुसरं कुणी नव्हतं आणि मालक, ज्यांना सगळी पोरं मामा म्हणायची, खुर्चीत मान मागे टाकून झोपले होते. आण्णांचा, म्हणजे वडिलांचा, रिकामा डबा मी बाहेर पायरीवर ठेवला होता.

मिनिटभर मी खेळले. मला तरी तसंच वाटलं. मग पडदा काळा झाला, कंपनीचं नाव आलं, इंग्रजीत बरंच काही आलं आणि गेलं, आणि पुन्हा तोच रस्ता, तीच माणसं. तोच पिवळ्या टोपीवाला त्याच जागी आला आणि त्याच दोघांना तशीच लाथ मारून पुढे गेला. ह्या वेळी माझा हात दांड्यावर नव्हता. घाम आला म्हणून मी तो फ्रॉकला पुसत होते.

रुपया पडला नाही म्हणून व्हिडिओ गेमची पेटी गप्प बसत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर वळावी म्हणून ती आपली आपण खेळत राहते. त्याला डेमो म्हणतात हे मला नंतर कळलं. त्या दुपारी एवढंच समजलं की आत कुणीतरी आधीच खेळून ठेवलेलं आहे, आणि माझ्या हातानं काहीच झालेलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी मी परत गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. आता दांड्याला हात न लावता नुसतं बघत उभी राहिले. माझं व्हिडिओ गेमचं शिक्षण तिथून सुरू झालं, आणि पुढचं सबंध वर्ष ते रुपया न टाकता चाललं.

गाव इचलकरंजी. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला, आणि त्यानंतर ह्या गावात शांतता अशी राहिलीच नाही. आमच्या बोळात घराघराला लागून मागाचे कारखाने होते. रात्रंदिवस खटक्-खटक्, खटक्-खटक्. पाहुणे आले की पहिल्या रात्री त्यांना झोप लागायची नाही, आणि आम्ही बाहेरगावी गेलो की आम्हाला लागायची नाही. आण्णा चार माग सांभाळायचे. बारा तासांची पाळी. आडवं सूत नेणारा धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे जातो, तो डोळ्यांनी धरता येत नाही. कापड बरोबर चाललंय की नाही हे माणूस कानानं ओळखतो. आण्णा जेवायला बसलेले असताना, भाकरीचा घास तोंडात असताना, मधेच उठायचे. चारांतला एक माग थांबलेला असायचा. एवढ्या गदारोळात एक आवाज कमी झालेला त्यांना ऐकू यायचा.

आई कांडी मशीनवर होती. धोट्यात सुताची कांडी असते, ती संपली की दुसरी घालायची. त्या कांड्या भरायचं काम बहुतेक बायकाच करायच्या. एका ओळीत कितीतरी कांड्या एकदम फिरत असतात. कुठली भरत आली, कुठल्या कांडीचं सूत तुटलं, हे सगळ्या ओळीवरून नजर फिरवत टिपायचं. तुटलं तिथं हात घालून गाठ मारायची, आणि तेवढ्यात दुसरीकडची नजर सोडायची नाही. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तिच्या केसांत, भुवयांवर कापूस असायचा. मी ओल्या फडक्यानं तो पुसून काढायचे.

पार्लर आण्णांच्या कारखान्याच्या जवळजवळ समोरच होतं. पत्र्याची खोली, आत तीन पेट्या. पेट्या कुठल्या परदेशातून आलेल्या नव्हत्या. गावातल्या सुतारानं प्लायवूडच्या केल्या होत्या, वरून सनमायका, आत टीव्हीची नळी. खरा गेम म्हणजे आतली हिरवी पाटी, सर्किट बोर्ड. ती बदलली की त्याच पेटीत दुसरा गेम. जपानमध्ये ऐंशीच्या दशकात ह्या पाट्यांना एकसारखी जोडणी ठरली होती, त्यामुळे कुठलीही पाटी कुठल्याही पेटीत बसायची. तिकडे जपानात ठरलेली तारांची जोडणी आमच्या बोळातल्या सुताराच्या पेटीत येऊन बसते, ह्याचं मला आजही नवल वाटतं. डावीकडच्या पेटीच्या दांड्याचा गोळा कधीच निघून गेला होता, उरला होता नुसता लोखंडी बोल्ट. मामांनी त्यावर सूत गुंडाळलं होतं. वीस-बावीस वेढे, अगदी घट्ट, कारागिराच्या हातचे. पोरांच्या घामानं आणि वडापावच्या तेलानं ते सूत काळं पडून चामड्यासारखं झालं होतं.

मामा आधी मागावरच होते. धोटा उडून डोळ्याला लागला आणि त्या डोळ्याची नजर गेली. मागाच्या गावात हे होतं. मग थोडे मिळालेले, थोडे उसने असे पैसे घालून त्यांनी ह्या तीन पेट्या केल्या. ते झोपलेले असले तरी झोपलेले नसायचे. डोळे मिटून म्हणायचे, "मेलास न्हवं? सांगितलं होतं, मागं सरक." आणि पोरगा खरोखरच मेलेला असायचा. पेटीचा आवाज त्यांना सगळं सांगायचा.

त्या पेट्यांपैकी एकीत स्ट्रीट फायटर टू होता. कॅपकॉम ह्या जपानी कंपनीनं १९९१ साली काढलेला. आख्ख्या महाराष्ट्रातली पोरं त्यातल्या आरोळ्या आपापल्या परीनं म्हणायची. मूळच्या "हादोकेन"चं आमच्याकडे "आडुकेन" झालं होतं. हात पुढे करून शाळेच्या मैदानात, नदीच्या घाटावर, गणपतीच्या रांगेतसुद्धा. त्यात धालसीम नावाचा एक भारतीय योगी होता, गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून आग काढायचा, आणि मागं हत्ती उभे. आपल्या देशाचा माणूस म्हणून धाकटी पोरं त्याला घ्यायची आणि बहुतेक हरायची. मोठी पोरं त्याला घेत नसत. तो हळू होता.

पण मला सांगायचं आहे ते त्या गेमच्या संगीताबद्दल. डबा घेऊन बोळात वळलं की मागांच्या खडखडाटातून वरच्या पट्टीत ते सूर यायचे. कुठलं पात्र कुठल्या देशात लढतंय हे मला बोळाच्या तोंडाशीच कळायचं. पुष्कळ वर्षांनी वाचलं की ह्यातलं जवळजवळ सगळं संगीत योको शिमोमुरा ह्या बाईंनी केलेलं आहे. ओसाकाच्या संगीत महाविद्यालयातून बाहेर पडून १९८८ साली त्या कॅपकॉममध्ये लागल्या, आणि हे काम केलं तेव्हा त्या चोवीस वर्षांच्याही नसतील. ते वाचून मी बराच वेळ गप्प बसले. ज्या पत्र्याच्या खोलीत मुलगी म्हणून मला उघडपणे पाऊल टाकता येत नव्हतं, ती एका तरुण मुलीनं सुरांनी भरून टाकली होती. बोळातल्या कुणालाच त्याचा पत्ता नव्हता, मलाही नव्हता.

आत येऊ नको असं मला कुणी सांगितलं नव्हतं. तशी पाटीही नव्हती. पण मुली तिथं जात नाहीत हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, जसं पिंपळाखाली संध्याकाळी थांबायचं नाही हे ठाऊक असतं. तिथं बिडीचा धूर असायचा. पाळी सुटलेले कामगार असायचे. शिव्या असायच्या. आई म्हणायची, "त्या दारात दिसलीस तर तंगडं मोडीन." मग मी दारात उभी राहायचे नाही. पायरीच्या खाली, डबा हातात धरून, आण्णांच्या कारखान्याकडे तोंड करून उभी राहायचे आणि मान वळवायचे. डबा हे माझं परवानापत्र होतं. डबेवाल्या पोरीला कुणी काही विचारत नाही.

तिथून डावीकडची पेटी दिसायची, म्हणजे मुस्तफाची. त्या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. कॅपकॉमचाच, १९९३ सालचा, मार्क शुल्ट्झ ह्या अमेरिकन चित्रकाराच्या कॉमिकवरून केलेला. त्यात मोटारी आहेत, डायनोसॉर आहेत, शिकारी आहेत. पण एवढं लांबलचक इंग्रजी नाव आमच्या बोळात कोण घेणार? चार खेळाडूंपैकी एकाचं नाव मुस्तफा कैरो होतं, तो सर्वांत चपळ, पिवळी टोपी घालणारा. ओळखीचं वाटणारं नाव तेवढं एकच होतं, म्हणून आख्खा गेमच मुस्तफा झाला. नंतर पुण्यात, मुंबईत, नागपूरच्या आणि थेट उत्तरेकडच्या मुलांशी बोलले, सगळे त्याला मुस्तफाच म्हणतात. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. ज्यानं त्यानं आपापल्या गल्लीत हेच बारसं केलं होतं.

मला पायरीखालून तो पडदा पूर्ण दिसत नसे. डावा आणि मधला भाग दिसायचा. उजवीकडची एक पट्टी खेळणाऱ्याच्या कोपराआड जायची. आणि ह्या गेममध्ये माणूस डावीकडून उजवीकडे जातो, त्यामुळे संकट येतं ते बहुतेक उजवीकडूनच. म्हणजे जे बघायला हवं नेमकं तेच मला दिसत नव्हतं. मग मी पोरांचे खांदे बघायला शिकले. उजवा खांदा वर गेला की कुणीतरी मोठा आला. मान पुढे गेली की चाकू फेकणारा. दोन्ही कोपरं बाहेर फाकली आणि माझं दिसणं पार बंद झालं, की शेवटचा राक्षस. आवाज ओळखीचे झाले होते, डावा भाग तोंडपाठ झाला होता, आणि उजवा भाग मी पोरांच्या पाठीवरून वाचत होते.

ह्या बघण्याबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचं आहे, कारण पार्लरच्या आठवणी निघाल्या की सगळे खेळण्याबद्दल बोलतात. कुणी किती रुपयांत गेम संपवला, कुणी शाळा कशी बुडवली. पण हिशेब केला तर काय दिसतं? एक पोरगा खेळायचा आणि सात-आठ जण मागे उभे असायचे. रुपया दोन-चार मिनिटांत संपायचा. बघणं मात्र तासन्‌तास चालायचं. खिशात रुपया नसलेली पोरंच तिथं जास्त होती, आणि गेमची सगळी विद्या त्यांच्याकडे होती. कुठल्या पिंपात जेवण आहे, कुठल्या पिंपात बंदूक आहे, दोन्ही बटणं एकदम दाबली तर गिरकी घेता येते पण आपलीच ताकद कमी होते, दांड्याला दोनदा पुढे झटका दिला की माणूस पळतो. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं आमच्याकडे नव्हतं. पेटीवर जे इंग्रजी चिकटवलं होतं ते कधीच सोलून गेलं होतं. एकानं रुपया घालवून शिकायचं आणि आठ जणांनी ते फुकट उचलायचं, आणि त्या आठांतला कुणीतरी पुढच्याला ओरडून सांगायचा, "वर घे, वर घे! पिंप फोड आधी!" गावाबाहेरून एखादा नवा पोरगा आला आणि त्यानं काही वेगळं करून दाखवलं, की संध्याकाळपर्यंत ते सगळ्या बोळाचं व्हायचं.

ह्या पेट्या माणसाला लवकर हरवण्यासाठीच बांधलेल्या असतात, कारण तो हरल्याशिवाय दुसरा रुपया पडत नाही. घरी बसून खेळायच्या खेळात असं नसतं. पण त्यामुळेच मागे उभं राहण्याला किंमत होती. रुपया टाकायच्या आधी जितकं बघून घेशील तितका तो जास्त वेळ चालेल. माझ्यासारखी, जिला रुपया टाकायचाच नव्हता, ती तर सगळंच बघून घेत होती.

रुपयाच्या बाबतीत पोरं काय काय करायची! गावात सुताला तोटा नाही. रुपयाला भोक पाडायचं, सूत बांधायचं, आत सोडायचा आणि आवाज आला की वर ओढायचा. मागावरचं सुती सूत कच्चं, ते हमखास तुटायचं. रात्री मामा पेटी उघडायचे तेव्हा आतून सुताच्या शेपट्या लागलेले रुपये निघायचे. ते त्यांनी खर्चले नाहीत. भिंतीला एक खिळा होता, त्यावर ते ओळीनं टांगून ठेवले होते. पोरं आत आली की आधी तिकडे बघायची आणि मग मामांकडे बघायची नाहीत.

आणि वीज. पंधरवड्यातून दोन-तीनदा भर खेळात जायची. माग थांबायचे, पेट्या थांबायच्या, आणि बोळात अशी शांतता पडायची की दूरच्या पिठाच्या गिरणीवरची माणसं बोलताना ऐकू यायची. ज्याचा डाव चालू असताना वीज गेली त्याला मामा नंतर एक डाव फुकट द्यायचे. वहीत काही लिहिलेलं नसायचं. कोण कितव्या स्टेजला होता हे त्यांच्या लक्षात असायचं.

माझा पहिला खरा डाव अशाच एका वीज गेलेल्या दुपारी आला. पावसाळा होता. पोरं तासभर वाट बघून कंटाळून घरी गेली. मी डबा घेऊन परत निघाले आणि वीज आली. समोरचे माग एकेक करून सुरू झाले. मामा दारात उभे होते. म्हणाले, "ए पोरी. रोज बघतीस की. खेळायचं न्हाई व्हय?"

माझ्या मुठीत रुपया होता. आईनं कोथिंबीर आणि मिरच्या आणायला दिलेला. १९९२ नंतर जो स्टीलचा लहान रुपया आला, आकड्याच्या दोन्ही बाजूंना धान्याची कणसं असलेला, तो. मामांच्या पेटीत तोच चालायचा. जुना मोठा रुपया आत अडकायचा. मी पायरी चढले. आतलं ते पाऊल मला अजून आठवतं, कारण फरशी नव्हती. खाली नुसता कोबा होता आणि तो अनवाणी पायाला गार लागला.

रुपया आत पडतानाचा आवाज मी शेकडो वेळा ऐकला होता, पण बाहेरून. आतून तो वेगळा असतो. आधी पत्र्यावर घरंगळल्यासारखा, मग एक खटका, मग पेटीतून एक सूर. आणि चार जण पडद्यावर उभे राहिले. जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस. खालून सेकंद मोजले जात होते. आमच्या बोळात हॅनाला कुणी घेत नसे. "ती बाई नको रं, मरती लगेच," असं पोरं म्हणायची. ती घेतलेली मी कधी बघितलीच नव्हती. म्हणजे ज्या गेमचं मला सगळं पाठ होतं, त्यातली हीच एक गोष्ट कोरी होती. मी तिच्यावर थांबले आणि बटण दाबलं.

मग पडदा उघडला, आणि मी उजवीकडे बघितलं.

वर्षभरात पहिल्यांदा मला तो सबंध दिसत होता. उजव्या कडेला माणसं कशी उगवतात, ती आधी थोडी थबकतात आणि मग येतात, हे मला माहीतच नव्हतं. मी ते बघत राहिले. तेवढ्यात हॅना खाली पडली. मी दांडा ओढला, तो वाटला होता त्यापेक्षा जड होता. मामांचं सूत माझ्या तळहाताला खरखरीत लागत होतं. कुठलं बटण मारायचं आणि कुठलं उडी, हे मला पाठ होतं, पण बोटांना ते पाठ नव्हतं. मारायच्या वेळी मी उडी घेत होते. पिंपात जेवण आहे हे माहीत असून पिंपाजवळ पोचता येत नव्हतं. मनात सगळी पोरं ओरडत होती, वर घे, वर घे, आणि मी तिला वर घेत होते, आणि वरही कुणीतरी उभं होतं.

दोन मिनिटं चाललं असेल. कदाचित तेवढंही नाही. एकदा मात्र, एकदाच, मी दांड्याला दोनदा झटका दिला आणि ती पळाली. माझ्या हातानं पळाली. हे मला पक्कं माहीत होतं, कारण डेमोत हॅना अशी पळताना मी कधी बघितली नव्हती. आत आधी कुणी हे खेळून ठेवलेलं नव्हतं.

मग डाव संपला आणि उलटे आकडे पडायला लागले. मामा मागून म्हणाले, "पहिल्या डावाला बरं खेळलीस. पोरं एवढं पण न्हाई खेळत." ते खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून होतं, कुणास ठाऊक. मी कोथिंबिरीशिवाय घरी गेले. रुपया पडला असं आईला सांगितलं. तिनं पाठीत एक धपाटा घातला आणि दारापासून कारखान्यापर्यंत रस्ता बघून आली. कंदील घेऊन. त्या कंदिलाचं मला अजूनही वाईट वाटतं.

पॅकमॅन हा गेम करणाऱ्या तोरू इवातानींबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. १९८०च्या सुमारास जपानमधल्या गेमच्या जागा म्हणजे पुरुषांचे अड्डे होते आणि बहुतेक खेळ मारामारीचे. बायकांना, जोडप्यांना आत यावंसं वाटेल असा खेळ करायचा म्हणून त्यांनी खाण्याची कल्पना धरली. त्यातूनच ते गोल तोंड आणि रंगीत भुतं आली. त्याच सुमाराला अमेरिकेत अटारी कंपनीत डोना बेली ह्या बाईंनी एड लॉग यांच्याबरोबर सेंटीपीड केला, तो १९८१ साली आला आणि बायकांना आवडला. म्हणजे मी ज्या पायरीखाली उभी होते ती पायरी फक्त इचलकरंजीत नव्हती. टोकियोतही होती, कॅलिफोर्नियातही होती. आणि कुणीतरी आतून ती बघितलेली होती, मुलींना चढता यावी म्हणून काहीतरी केलेलं होतं. आमच्या बोळापर्यंत पॅकमॅन आला नाही. आला असता तर काय झालं असतं, ह्याचा मी अधूनमधून विचार करते.

त्या पावसाळ्यानंतर मी आणखी तीन-चारदा खेळले असेन, दर वेळी दुपारी, दर वेळी हॅना. सातवीत गेल्यावर डबा पोचवायचं काम धाकट्या भावाकडे गेलं. माझं परवानापत्र संपलं. पुढे पार्लर कधी बंद झालं ते मला नक्की आठवत नाही. मी सांगलीला शिकायला होते. एका सुट्टीत आले तेव्हा पत्र्याच्या खोलीत सुताचे कोन रचलेले होते आणि भिंतीवर तो खिळा होता, मोकळा.

निकोला साल्मोरिया नावाच्या एका इटालियन माणसानं १९९७ साली मेम नावाची प्रणाली पहिल्यांदा लोकांसमोर ठेवली. जुन्या पेट्यांमधले गेम साध्या संगणकावर जसेच्या तसे चालवणारी. मोडीत निघालेल्या पाट्यांमधलं काहीतरी टिकावं, हा तिच्यामागचा हेतू. मला ती कळली नोकरीला लागल्यावर. तिच्यात पाच आकड्याची कळ दाबली की रुपया पडतो. कितीही वेळा दाबा. मी एका रविवारी मुस्तफा सुरू केला आणि शेवटपर्यंत गेले. आठ स्टेज, शेवटी डॉक्टर फेसेंडेन. आमच्या बोळात तिथवर पोचलेली दोनच पोरं होती आणि त्यांच्यामागं एवढी गर्दी व्हायची की पायरीखालून काहीसुद्धा दिसायचं नाही. तो शेवट मी पहिल्यांदा पाहिला. पाच आकड्याची कळ मी किती वेळा दाबली ते मोजलं नाही. मागे कुणी उभं नव्हतं, म्हणून मधेच दोनदा वळून बघितलं.

गेल्या दिवाळीत इचलकरंजीला गेले होते. आण्णांना आता दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. मागावर आयुष्य काढलेल्यांचं बहुधा असंच होतं. टीव्ही मोठ्यानं लावून ते आत बसले होते. मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉपवर गेम लावला. आई मागच्या कॉटवर शेंगा फोडत बसली होती. चिवड्याला हव्या होत्या.

मी हॅना घेतली. आईनं विचारलं, "ही कोण?" मी म्हटलं, हॅना. "एकटीच हाय?" एकटीच, म्हटलं. ती काही बोलली नाही. शेंगा फुटल्याचा आवाज येत राहिला. मी पहिल्या स्टेजमधून जात होते, पिंप फोडत होते, एका वेळी चार-पाच जण अंगावर येत होते. थोड्या वेळानं लक्षात आलं, शेंगांचा आवाज थांबलाय.

"उजवीकडं बघ," आई म्हणाली. "कडंला दोघं आल्यात. तू डावीकडंच बघतीस सारखं."

मी वळवली. खरंच दोघं होते.

"वर मोकळं हाय. वर घे तिला."